झिजलेल्या पुस्तकांची किंमत

मुलांची जुनी सचित्र पुस्तके जमवणाऱ्यांचे एक शास्त्र आहे आणि ते युरोप-अमेरिकेतल्या लिलावघरांत घडले आहे. पहिली आवृत्ती हवी, मूळ बांधणी हवी, वरचे वेष्टन शाबूत हवे, चित्राचे एकही पान सुटलेले नको आणि लहान मुलाच्या हाताचा डाग तर मुळीच नको. या मोजपट्टीने नांदेड जिल्ह्यातला बिलोली तालुका मोजायला घेतला, तर हाती काहीच लागत नाही. मुखपृष्ठे गेलेली, कडा कापलेल्या, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बांधलेल्या आणि शिक्क्यांनी भरलेल्या प्रती संग्राहक बाजूला सारतो, रद्दीवाला किलोवर घेतो. त्यावरून आपण ठरवून टाकतो की इथे जमवण्यासारखे काही नव्हतेच. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. मराठवाड्याच्या सीमेवर मुलांचे पुस्तक कसे आले, किती हातांतून फिरले आणि कोणी कसे बांधले, हे नीट पाहिले तर दिसते की इथल्या पुस्तकाची झीज हाच त्याच्या इतिहासाचा मुख्य पुरावा आहे. म्हणून आपल्याकडच्या संग्रहाची कसोटीही वेगळी असायला हवी. ज्या प्रतीवर वाचल्याच्या आणि बांधल्याच्या खुणा आहेत, ती प्रत आधी राखली पाहिजे.

परदेशी कसोटीमागे त्यांचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय ती नाकारणे योग्य नाही. लंडनमध्ये जॉन न्यूबेरीने १७४४ मध्ये मुलांच्या करमणुकीसाठी खिशात मावेल असे पुस्तक काढले. त्याची छोटी पुस्तके फुलाफुलांच्या रंगीत कागदात बांधलेली असत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडमंड इव्हान्स या मुद्रकाने प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठसा कोरून वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॅल्डेकॉट आणि केट ग्रीनअवे यांची चित्रे छापली. ग्रीनअवेच्या १८७९ च्या पहिल्या पुस्तकाच्या वीस हजार प्रती त्याने एकदम छापल्या आणि त्या खपल्या. म्हणजे पुस्तक मुलाच्या स्वतःच्या मालकीचे, घरात मुलांसाठी वेगळी खोली, त्या खोलीत वेगळे कपाट आणि मूल मोठे झाल्यावर पेटीत भरून माळ्यावर ठेवायला जागा. वीस हजारांपैकी काहीशे प्रती स्वच्छ उरल्या, तर त्यात नवल नाही. एडगर ऑस्बोर्न या इंग्रज ग्रंथपालाने जमवलेली सुमारे दोन हजार बालपुस्तके १९४९ मध्ये टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली, ती अशाच घरांतून आलेली होती. स्वच्छ प्रतीची कसोटी त्या घरांना शोभते. जिथे पुस्तक एका मुलाचे कधी नव्हतेच, तिथे ती लावली की पुस्तकाचा सगळा प्रवासच दोष ठरतो.

मराठीत मुलांचे पुस्तक उशिरा आले आणि आले तेही शाळेच्या वाटेने. पंतोजीच्या शाळेत पुस्तक नव्हतेच. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि पाढे, पावकी, निमकी घोकायची, एवढ्यावर शिक्षण चाले. तंजावरला सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी छापखाना चालवून इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या, पण ते दूरच्या दरबारातले काम होते. मुंबईत १८२२ मध्ये शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी संस्था निघाली आणि त्या प्रयत्नातून १८२८ च्या सुमारास सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके आली. ‘बाळमित्र’ मूळ बर्कँ या फ्रेंच लेखकाचे, इंग्रजीतून मराठीत आणलेले. मासिकांचे युग त्यानंतरचे. अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’ १८७२ चा. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी छापलेले आणि विनायक कोंडदेव ओक यांनी चालवलेले ‘बालबोध’ १८८१ चे. वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ चे. ओकांनी १९१४ मध्ये निधन होईपर्यंत ‘बालबोध’ सांभाळले. या साऱ्या धडपडीत चित्र होते, पण बेताचे. मिशनच्या छापखान्यांना परदेशातून आलेले ठसे वापरावे लागत, म्हणून मराठी गोष्टीशेजारी कधीकधी टोपी घातलेले विलायती मूल उभे दिसते. ठसा नव्याने करून घेणे महाग होते आणि अंकाची किंमत वाढली की वर्गणीदार तुटत.

मग मराठी मुलाला रंगीत चित्र कुठे भेटले? माझ्या मते ते पुस्तकाआधी भिंतीवर भेटले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली आणि शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघर नेली. राजा रविवर्म्याचा मुंबईतला छापखाना १८९४ चा. तो पुढे मळवलीला गेला. देवादिकांच्या, पुराणकथांच्या या तसबिरी हे आपल्या मुलांचे पहिले रंगीत चित्रपुस्तक होते. फक्त ते शिवलेले नव्हते, चौकटीत बसवलेले होते. इंग्लंडमध्ये जो रंग मुलांच्या पुस्तकात ओतला गेला, तो इथे देवघरात आणि ओसरीवर गेला. पुस्तकातले चित्र बराच काळ काळेच राहिले आणि म्हणूनच जे थोडे रंगीत होते, म्हणजे मुखपृष्ठ, त्याला फार मोल होते. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे बांधणीत नेमका त्याचाच बळी गेला.

आता बिलोलीकडे येऊ. आज तेलंगणाच्या सीमेला टेकलेला हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबई-पुण्याच्या पुस्तकाला इथे येताना राज्याची हद्द ओलांडावी लागे आणि ती हद्द पुस्तकाच्या वाटेत ठिकठिकाणी आडवी येई. पहिली गोष्ट पैशाची. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार रुपया यांचा भाव सात हालीला सहा कलदार असा होता. पुण्याच्या मासिकाची वर्गणी कलदारात छापलेली असल्याने इथल्या वाचकाच्या खिशातून एक षष्ठांश रक्कम अधिक जाई. दुसरी गोष्ट वाटेची. मनमाडहून नांदेड, उमरी, धर्माबाद करत सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली; बिलोलीला जवळचे स्थानक धर्माबाद, तिथून पुढे बैलगाडी. तिसरी गोष्ट शाळेची. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचे. मराठीतून शिकवणाऱ्या खासगी शाळांना परवानगीच्या अटी होत्या. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारखे प्रयोग त्या वातावरणात उभे राहिले, म्हणून त्यांचे महत्त्व. आणि सगळ्यांत मोठी अडचण साक्षरतेची: १९५१ च्या जनगणनेत सबंध हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती.

अशा ठिकाणी पुस्तक एका घराचे राहू शकत नाही. ते गावाचे होते. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे. मराठवाड्यात वाचनालय काढणे हे भाषा टिकवण्याचे काम होते आणि सरकारचा त्यावर डोळा असे. हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९५५ मध्ये झाला, महाराष्ट्राचा १९६७ मध्ये. पण कायद्याच्या आधी आणि नंतरही, तालुक्याच्या गावात मुलांच्या मासिकाचा एक अंक आला की तो शाळामास्तरांकडून वाचनालयात, वाचनालयातून घरोघर आणि तिथून पुन्हा कपाटात असा फिरे. मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकाला १८६७ च्या नोंदणी कायद्याचा आधार होता. प्रती सरकारात जमा होत, त्रैमासिक याद्या निघत आणि काही प्रती लंडनपर्यंत पोचत. त्यामुळे ‘बालबोध’ कसे दिसत होते हे दूरच्या ग्रंथालयातही कळू शकते. पण ‘बालबोध’ बिलोलीच्या टोकाला कोणी वाचले, किती वर्षे वाचले आणि कशाशेजारी वाचले, हे कुठल्याही सरकारी यादीत सापडणार नाही. ते फक्त इथे उरलेल्या प्रतीवरच सापडेल.

आणि त्या प्रतीवर ते कोणी लिहून ठेवले? बांधणाऱ्याने. दख्खनमध्ये पुस्तक बांधण्याची परंपरा मोठी आहे. बिलोलीपासून फार लांब नसलेल्या बिदरमध्ये महमूद गवानाने १४७२ मध्ये मदरसा बांधला, तिथल्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ असल्याचे इतिहासकार सांगतात. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात शतकानुशतके हातकागद तयार होत आला. अहमदनगरच्या निजामशाहीतली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दरबार गेले तरी जिल्दसाजाचा हात राहिला. तो कचेऱ्यांची दप्तरे, सावकारांच्या चोपड्या, कुराणाच्या प्रती, उर्दू-मराठी शाळांची पुस्तके बांधू लागला. मराठी मुलांचे मासिक याच हातात आले आणि ते बांधताना त्याने चोपडीचाच हिशेब लावला: टिकले पाहिजे.

असा बांधीव खंड जवळून पाहण्यासारखा असतो. बारा अंकांच्या पिना काढलेल्या असतात. मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकलेली असतात, कारण त्यांनी जाडी वाढते आणि कव्हरचा जाड कागद शिवणीत नीट बसत नाही. गठ्ठ्याला आरीने भोके पाडून बाजूने जाड दोऱ्याची शिवण घातलेली असते. त्यामुळे आतली कोर शिवणीत जाते आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग गिळला जातो. मग तिन्ही कडा कापायच्या. त्यात पानाच्या काठापर्यंत आलेल्या चित्राचे पाऊल किंवा झाडाचा शेंडा जातो. कण्याला गडद कापड, पुठ्ठ्यावर लाटा-लाटांचा अबरी कागद, कोपऱ्यांना कापडाची टोके, आत अस्तराचा कोरा कागद. खळीत मोरचूद मिसळलेला, म्हणजे कसर लागू नये. कण्यावर मासिकाचे नाव आणि वर्ष हाताने लिहिलेले. आत पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का, दाखल क्रमांक आणि शेवटी देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी. या बांधणीने मजकूर पन्नास वर्षे टिकवला आणि त्याच बांधणीने त्याचे सर्वात देखणे अंग कापून टाकले. मराठी मुलांच्या मासिकांची मूळ मुखपृष्ठे दुर्मीळ का, याचे एक मोठे कारण या आरीत आणि कात्रीत आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: बांधणाऱ्याने जर चित्रच नष्ट केले, तर त्याच्या बांधणीला इतिहासाचा मान का द्यायचा? याचे उत्तर पर्यायात आहे. बांधले नसते, तर बारा सुटे अंक एका पावसाळ्यात, एका शाळेच्या सुट्टीत संपले असते. चित्र आणि मजकूर दोन्ही वाचवणे किंवा फक्त मजकूर वाचवणे, अशी निवड त्याच्यापुढे नव्हती; मजकूर वाचवणे किंवा काहीच न वाचवणे, अशी होती. त्याने केलेली निवड आपल्याला सांगते की १९३० किंवा १९५० मध्ये मराठवाड्यात मुलाच्या पुस्तकाकडून काय अपेक्षित होते: ते मालमत्ता म्हणून जपायचे नव्हते, वाचून घ्यायचे होते. शिवाय जे कापले नाही, तेही तपासता येते. काही बांधणाऱ्यांनी मुखपृष्ठे खंडाच्या शेवटी एकत्र बांधली, काहींनी जाहिराती ठेवल्या. कोणी काय ठेवले, यातूनच त्या वाचनालयाची दृष्टी कळते.

या तालुक्याचे खरे वैशिष्ट्य मात्र दुसऱ्या एका मासिकात दिसते. मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदमामा’ सुरू केला. मराठीत तो ‘चांदोबा’ म्हणून १९५२ पासून आला. एकाच छापखान्यातून, त्याच चित्रकारांच्या कुंचल्यातून: एम. टी. व्ही. आचार्य, चित्रा, वड्डादी पापय्या, शंकर. खांद्यावर प्रेत घेऊन, हातात तलवार धरून चालणारा विक्रम हे शंकरचे चित्र सगळ्या आवृत्त्यांत तेच. बदलायची ती फक्त अक्षरे. बिलोली, कुंडलवाडी, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात. तेव्हा एकाच गल्लीत एक मूल मराठीत वेताळाची गोष्ट वाचते, शेजारचे तेलुगूत वाचते आणि चित्र दोघांचे एकच असते. तिसऱ्या घरात लाहोरचे ‘फूल’ किंवा दिल्लीचे ‘खिलौना’ येत असेल. मराठी बालवाङ्मयाचा इतिहास पुण्या-मुंबईत बसून लिहिला, तर तो एका भाषेचा होतो. सीमेवरच्या संग्रहात तो तीन भाषांचा होऊ शकतो आणि हे काम दुसरा कुठलाही भाग इतक्या सहज करू शकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: आता सगळे स्कॅन होते आहे, मग जीर्ण कागद कशाला सांभाळायचा? पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’चे जुने अंक महाजालावर मोकळे केले आहेत. हे फार मोठे काम आहे आणि खेड्यातल्या मुलाला त्याचा थेट लाभ होतो. पण स्कॅन एका प्रतीचा असतो आणि मुद्दाम सर्वात स्वच्छ प्रतीचा असतो. त्यात छापलेले सारे येते. प्रतीवर नंतर उमटलेले काही येत नाही. देवघेवीची चिठ्ठी, दाखल क्रमांक, पेन्सिलने भरलेला बैलाचा रंग, फाटलेल्या पानाला वर्तमानपत्राच्या पट्टीने दिलेला जोड, कण्यावरचे हाताचे अक्षर: हे त्या त्या गावच्या प्रतीतच राहते. मजकुरासाठी स्कॅन पुरेसा आहे. वाचनाच्या इतिहासासाठी प्रतच लागते.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळता येणार नाही. जिथे शंभरात दहाही वाचू शकत नव्हते, तिथे मुलांच्या पुस्तकांचा संग्रह म्हणजे थोड्या सुखवस्तू, बहुधा वरच्या जातींच्या घरांचा इतिहास होणार नाही का? काही अंशी होईल. वाचनालयाची वर्गणी भरणारे, कलदारात मासिक मागवणारे हे गावातले मोजके लोक होते, हे संग्रहाच्या नोंदीत लपवता कामा नये. पण नेमक्या याच कारणासाठी खासगी कपाटातल्या स्वच्छ प्रतीपेक्षा शिक्का मारलेली वाचनालयाची आणि शाळेची प्रत महत्त्वाची ठरते. ती अधिक हातांतून गेली आहे. दाखल नोंदवह्या आणि देवघेवीची पाने जर राखली, तर पुस्तक कोणत्या दशकात कोणत्या वस्तीपर्यंत पोचले आणि कोणत्या वस्तीपर्यंत पोचले नाही, हेही त्यातून दाखवता येईल. वगळले गेलेल्यांचा इतिहास लिहायलाही पुरावा लागतो.

हा पुरावा आज वेगाने नाहीसा होतो आहे आणि तो नियमानुसारच नाहीसा होतो आहे. ग्रंथालयात जागा नसते; दरवर्षी जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करावे लागते. निर्लेखनाच्या यादीत सर्वात आधी कोणती पुस्तके जातात? जी सर्वात जास्त वाचली गेली, ती. त्यातही मुलांची पुस्तके आधी, कारण ती पातळ, स्वस्त आणि फाटकी. कोणी उघडलेही नाही असे जाडजूड चरित्र शेल्फवर कायम राहते आणि तीन पिढ्यांनी वाचलेला ‘चांदोबा’चा खंड रद्दीत जातो. म्हणून मराठवाड्यातल्या तालुका ग्रंथालयांनी आणि जुन्या शाळांनी निर्लेखनाच्या आधी एक टप्पा घालावा. १९७० पूर्वीचे मुलांचे कोणतेही पुस्तक किंवा बांधीव मासिक वेगळे काढावे. त्याची बांधणी, शिक्के, नोंदी आणि हस्ताक्षरे यांची छायाचित्रांसह यादी करावी. पुन्हा बांधायला देऊ नये. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन करू नये, कारण दोन्ही कागद खातात. कोरड्या पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवावे. तेलुगू आणि उर्दू अंक त्याच पेटीत, त्याच यादीत असावेत. खर्च पेटीचा आणि यादी करणाऱ्याच्या वेळेचा. त्याला लिलावाची रक्कम लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हे सारे नांदेडला, पुण्याला किंवा हैदराबादला मोठ्या संस्थेकडे का पाठवू नये, तिथे तरी नीट सांभाळले जाईल. काही अतिजीर्ण प्रती पाठवाव्या लागतील, हे मान्य. पण प्रत तिच्या नोंदवहीपासून तुटली की तिची साक्ष अर्धी होते. दाखल क्रमांकाला त्याची वही जवळ असेल तरच अर्थ असतो. ऑस्बोर्नने आपला संग्रह सार्वजनिक ग्रंथालयाला दिला, त्यातला सार्वजनिकपणा घेण्यासारखा आहे. मोठ्या शहराची अट त्यात नव्हती. महाग कातडी बांधणी आणि सोनेरी कडा असलेले ग्रंथ जमवणे हा शौक आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण बिलोलीसारख्या गावात मुलांचे पुस्तक कधी शौक नव्हते. ते भाषेची हद्द, पैशाची हद्द आणि अक्षराची हद्द ओलांडून आले आणि येईपर्यंत व आल्यावरही अनेकांनी मिळून वापरले. त्याचा इतिहास लिहायचा असेल, तर वापराच्या खुणांसकट ते राखावे लागेल आणि हे काम पुढच्या निर्लेखनाची यादी होण्याआधी सुरू व्हायला हवे.